नास्तिकाची राखण

देवळाबाहेर चपला राखायला माणूस बसतो, हे मला ठाऊक होतं. पण नास्तिकाची राखण करायलाही माणूस लागतो, आणि त्यासाठी सांगलीहून थेट नागपूरला जावं लागतं, हे वयाच्या पासष्टाव्या वर्षी कळलं. यंदाच्या पोळ्याला मी त्या कामावर पाच दिवस जाऊन आले. आल्यापासून शेजारणी विचारतात, काय काय पाहिलं? संत्री पाहिली का? संत्र्यांचा हंगाम नव्हता बायांनो. जे पाहिलं ते लिहून काढते, म्हणजे दहा जणींना दहा वेळा सांगायला नको.

निमा ढोले ही माझी एम.एस्सी.च्या वेळची हॉस्टेलमधली मैत्रीण. दोघींचा विषय रसायनशास्त्र, दोघींचा देवावर विश्वास नाही, आणि दोघींचं तोंड फटकळ. मी सांगलीत शाळामास्तरीण झाले. पोरांसमोर नारळातून आग काढून दाखवायची आणि मग ती पोटॅशियम परमँगनेटनं लागते हे सांगायचं, असं आयुष्यभर केलं. निमा नागपुरात कॉलेजात शिकवून निवृत्त झाली आणि तिथल्या एका नास्तिक मंडळाची अध्यक्ष झाली. मंडळाचे सभासद अकरा. तिचा फोन आला तो असा:

"सुधे, बायपास करून राहिले माही. पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी. ये तू. एक काम आहे, तुह्याबिगर कोणाले जमणार नाही."

प्रवासाचं काही सांगत नाही. गाडीत मी झोपते.

कोराडी रोड

निमाचं घर कोराडी रोडवर आहे. स्टेशनवर तिचा नवरा घ्यायला आला होता. त्यांचं नाव गजाननराव. वीज केंद्रात टर्बाइनवर चाकरी करून निवृत्त झालेले, सडपातळ, कमी बोलणारे आणि देवभोळे. मंगळवारी उपास, शनिवारी तेल, आणि बायको नास्तिक मंडळाची अध्यक्ष. हा संसार टिकला कसा, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन की पडद्यामुळं टिकला. देव्हारा स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे आणि त्याला फुलाफुलांचा पडदा आहे. निमा घरात असली की पडदा ओढलेला. त्याच फळीवर पोह्यांचा डबाही असल्यानं तिला दिवसातून एकदा तरी पडदा सरकवावा लागतो. तेव्हा ती देवाकडं न बघता डबा काढते. पस्तीस वर्षांत तिनं नजर चुकवण्यात काय हातोटी मिळवली आहे, पाहत राहावं.

पहिल्या सकाळी गजाननरावांनी कोपऱ्यावरून तर्री पोहे आणले. आमच्याकडं पोहे म्हणजे वर खोबरं-कोथिंबीर, फार तर लिंबू. इथं पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक, तेलाचा तवंग आलेला रस्सा ओततात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी, दुसऱ्याला नाकातून. तिसऱ्यानंतर मी आणखी तर्री मागितली. निमाला अर्थातच बंदी होती. ती बिनतेलाची भाकरी चघळत माझ्या ताटाकडं असं पाहत होती की मला घास गिळवेना.

"खा वं," ती म्हणाली. "मी मेली तं मंडळाच्या शोकसभेत पोहेच ठेवजा. भाषणं नको."

"मरतेस कशाला? डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर टक्क्यांत बोलतात. माणूस मरते तं शंभर टक्के मरते."

मग तिनं शाळेच्या वहीचा एक कागद काढला. त्यावर तिच्या ठसठशीत अक्षरात दोन अटी लिहिलेल्या होत्या. पहिली: भुलीत असताना माझ्या अंगाला धागा, अंगारा, तीर्थ, काहीही लागता कामा नये. दुसरी: भुलीत मी स्वतः देवाचं नाव घेतलं, तर शुद्धीवर आल्याबरोबर मला खरं सांगायचं. मी त्याच दिवशी अध्यक्षपद सोडीन.

मी हसायला लागले. ती हसली नाही.

गोष्ट अशी होती. मंडळाचे आधीचे अध्यक्ष एक म्हातारे सर होते. जन्मभर एकाही देवाला त्यांनी दारात उभं केलं नव्हतं. शेवटच्या आजारात तापात बरळताना ते "विठ्ठला" म्हणाले, आणि नातेवाइकांनी ते गावभर केलं. शेवटी आठवलाच ना देव, असं जो तो म्हणू लागला. आणि निमानं काय करावं? तिनं मंडळाच्या खोलीतला सरांचा फोटो भिंतीवरून उतरवला. ठराव करून, रीतसर.

"तवा मले लय खात्री होती सुधे," ती म्हणाली. "माणूस शेवटी जे बोलते तेच खरं, असं मी सभेत म्हणाली. आता माही पाळी आली. हे," तिनं मानेनं नवऱ्याकडं खूण केली, "खोटं बोलतील. माह्यासाठी बोलतील, नाही तं देवासाठी. तू नाही बोलत. तू प्रॅक्टिकलले परीक्षकाले म्हणाली होती की माहा प्रयोग फसला, मार्क नका देऊ."

ते खरं होतं. त्या प्रयोगात मी नापास होता होता वाचले होते. मी कागदावर सही केली. हात हातात घेऊन शब्द दिला. गजाननराव कपबशा विसळत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि एक बशी दोनदा विसळली.

सावनेर

दुसऱ्या दिवशी पोळा. ढोले मंडळींची शेती सावनेरच्या पुढं. पोळ्याला बैलांना ओवाळायला घरातलं कुणीतरी जायलाच हवं, आणि निमाला प्रवासाची बंदी, म्हणून गजाननराव मला घेऊन निघाले. निमाजवळ शेजारीण बसली. आमच्याकडं बैलांचा सण म्हणजे बेंदूर, तो कधीच होऊन गेलेला. एका वर्षात दोन बैलपोळे पाहणारी मी सांगलीतली एकमेव बाई असेन. रस्त्याला कोळशाचे ट्रक एकामागं एक, त्यांची काळी धूळ बाजूच्या कपाशीवर बसलेली, आणि त्या कपाशीपलीकडं शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल गावाकडं निघालेले. उमस अशी की अंगाला पदर चिकटून बसला.

गजाननरावांचे थोरले भाऊ म्हणजे बापूदादा. सत्तरीचे, काळेभोर, मिशा पांढऱ्या. अंगणात बैलांचे खूर धूत बसले होते. सून पुरणपोळ्यांचं ताट घेऊन आली. दादांनी स्वतःच्या हातानं दोन्ही बैलांना पोळ्या चारल्या, पाठीवरून हात फिरवला. मग सून देवाला नैवेद्य घेऊन आत निघाली तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं.

मी आपली बोलघेवडी. "दादा, तुम्हीपण आमच्यातले की काय?"

"तुमच्यातले म्हणजे?"

"देव नाही म्हणणारे."

"नाही काहून? आहे तं तो," दादा म्हणाले. "पण आमचं बोलणं बंद आहे."

अकरा वर्षांपूर्वी ते एका यात्रेत रात्रभर जागरणाला बसले होते, आणि त्याच रात्री इकडं घरी त्यांची बायको साप चावून गेली. "मी त्याच्या दारात होतो, अन् तो माह्या दारात नव्हता," दादा म्हणाले. एवढं बोलून त्यांनी बैलाच्या कपाळाचं बाशिंग नीट केलं. पुढं त्यांनीच हसून सांगितलं की निमाच्या मंडळाचा सभासद व्हायचा फॉर्म त्यांनी भरला होता. 'देव आहे का?' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'आहे, पण नालायक.' निमानं फॉर्म परत पाठवला.

"निमा म्हणते, पहिले तो नाही म्हणा, मंग सभासद. आता नाहीच म्हटलं तं भांडू कोणासंगं?"

आता सांगा, याला कुठल्या बाटलीत घालायचं? माझा नास्तिकपणा प्रयोगशाळेतला, निमाचा मंडळातला, आणि हा एक गोठ्यातला. देवाला शिव्या घालणारा हा माणूस मला त्या अकरा सभासदांपेक्षा जास्त पटला, आणि शास्त्राच्या हिशोबानं तो माझ्या पक्षातच नव्हता. त्या दुपारी मी तुपात बुडवलेल्या चार पुरणपोळ्या खाल्ल्या आणि विचार करायचं सोडून दिलं.

निघताना दादा गाडीच्या खिडकीशी आले. "निमाले सांगजा, बरी होऊन ये. तिच्यासाठी मी त्याच्याशी बोलणार नाही. पण शिव्या देणं वाढवून ठेवतो."

कोराडी

परतताना गजाननरावांनी न विचारता गाडी देवीच्या देवळाकडं वळवली. एका बाजूला विजेच्या कारखान्याची धुराडी, दुसऱ्या बाजूला देवळाचं शिखर. तिथल्या झाडांच्या पानांवर राखेचा पातळ थर असतो, बोटानं रेघ ओढता येते. मी आत गेले, पर्यटक म्हणून. कुणीतरी हातावर खोबरं ठेवलं ते खाल्लं, खोबरं म्हणून. हे मी स्पष्ट करते, नाही तर शेजारणी भलतंच समजतील.

बाहेर आल्यावर गजाननरावांनी खिशातून लाल धागा काढला.

"सुधाताई, एक विनंती आहे," ते म्हणाले. आख्ख्या दोन दिवसांतलं हे त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य होतं. "तुम्ही तिच्यापाशी राहणार. ती भुलीत असेपर्यंत हा तिच्या मनगटाले असू द्या. शुद्धीवर याच्या आधी मीच काढून घेईन. तिले कळणारबी नाही."

आणि मी काय केलं? मी त्यांना वर्ग घेतल्यासारखं झापलं. तुमच्या बायकोच्या शरीरावर तिचा हक्क आहे की नाही? ती बेशुद्ध असताना तिच्या मताविरुद्ध काही करणं याला काय म्हणतात? पस्तीस वर्षं राहिलात तिच्याबरोबर, आणि एवढंही कळलं नाही? शेजारचा फुलवाला हातातली माळ तशीच धरून ऐकत होता. माझा एक शब्दही चुकीचा नव्हता.

गजाननराव म्हणाले, "बरं." धागा त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला आणि गाडीचं दार माझ्यासाठी उघडलं. मी बरोबर होते, आणि माझं तोंड कडू झालं होतं. पुरणपोळी खाऊन तोंड कडू होणं हा प्रकार मी आधी अनुभवला नव्हता.

इतवारी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात जे होतं ते माझ्या माहितीत तरी दुसरीकडं कुठं होत नाही. मारबत निघते. मारबत म्हणजे बाईचा अवाढव्य पुतळा. एक काळी, एक पिवळी. त्यांच्यामागून लोकांनी केलेले पुरुषांचे पुतळे, त्यांना बडग्या म्हणतात. ज्याला ज्याचा राग, त्याचा बडग्या. महागाईचा, खड्ड्यांचा, पुढाऱ्यांचा. सगळं शहर रस्त्यावर उतरून ओरडतं की रोगराई घेऊन जा गे मारबत, खोकला घेऊन जा गे मारबत, आणि शेवटी नेऊन सगळे पुतळे जाळून टाकतात. आमच्या सांगलीत लोक व्यवस्थेवर चिडले की पेपरात पत्र लिहितात. त्यापेक्षा ही पद्धत मोकळी वाटली.

निमाला संध्याकाळी हॉस्पिटलात भरती व्हायचं होतं. डॉक्टरांनी गर्दीत जाऊ नका सांगितलं होतं, म्हणून ती गर्दीच्या काठाला गेली. इतवारीत एका भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर गजाननरावांनी आणि मी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. कारण असं की मंडळानं यंदा पहिल्यांदाच स्वतःचा बडग्या केला होता: अंधश्रद्धेचा. बांबू आणि कागदाचा, सात फुटी, गळ्यात लिंबू-मिरच्या, दहा बोटांत दहा अंगठ्या. फार देखणा झाला होता. अकराच्या अकरा सभासद टोप्या घालून हजर. एकानं हात उंचावून घोषणा दिली:

"अंधश्रद्धा घेऊन जा गे मारबत!"

मी निमाच्या कानाशी वाकले. "निमा, हे अंधश्रद्धा घेऊन जायला कुणाला सांगताहेत?"

"मारबतले."

"म्हणजे कागदाच्या पुतळ्याला."

निमाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तिनं टाळी वाजवून बडग्या थांबवला. भर मिरवणुकीत मंडळाची तातडीची सभा भरली. एक म्हणाला, हे प्रतीकात्मक आहे. दुसरा म्हणाला, देवळात जाणारेही हेच म्हणतात. तिसऱ्यानं सुचवलं की 'अंधश्रद्धे, तू स्वतः निघून जा' असं म्हणावं. त्यावर चौथा म्हणाला की तिच्याशी बोलणं म्हणजे तिला व्यक्ती मानणं. मागून खड्ड्यांचा बडग्या येऊन खोळंबला होता आणि त्याची माणसं आमच्या नावानं शिमगा करत होती. शेवटी हात वर करून मतदान झालं. मारबतीचं नाव कुणीही घ्यायचं नाही, फक्त 'अंधश्रद्धा जाळून टाका' म्हणायचं, असा ठराव सात विरुद्ध चार मतांनी पास झाला. निमानं खुर्चीतूनच ताकीद दिली, "ज्याच्या तोंडून मारबत निघंल, त्यानं टोपी काढून ठेवावी."

सभासद निघाले. पुढचा ओरडला, "अंधश्रद्धा—"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या, गच्च्या, दुकानांच्या पायऱ्या आणि आख्खी गल्ली सवयीनं गरजली, "घेऊन जा गे मारबत!"

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही. मंडळ बोंबलतंय 'जाळून टाका', आणि ते कुणाच्या कानावर पडत नाही. मी भांड्यांच्या दुकानाचा खांब धरून हसत होते. मला वाटलं निमाही हसत असेल. वळून पाहिलं तर ती छातीवर हात ठेवून, ओठ घट्ट मिटून बसली होती. समोरून पिवळी मारबत डुलत येत होती. शेजारी एक म्हातारी आपल्या गुडघ्यांकडं बोट दाखवून तिला ओरडून सांगत होती की हे घेऊन जा. निमा त्या म्हातारीकडं पाहत होती. तिच्या डोळ्यांत जे होतं त्याला मी हेवा म्हणेन.

"चल," ती म्हणाली. "बॅग भरायची आहे."

रामदासपेठ

हॉस्पिटलं एका गावात किती असावीत? रामदासपेठेत दर चार पावलांवर एक. आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशनची तयारी करून घेणाऱ्या सिस्टर होत्या प्रज्ञा मेश्राम. चाळिशीच्या, ठेंगण्या, भराभर चालणाऱ्या. सकाळी त्यांचं पहिलं काम म्हणजे कात्री. आत जाणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या मनगटावरचे धागे, गळ्यातले ताईत, कंबरेचे करदोटे त्या कापून घेत, एका पिशवीत घालत, वर नाव लिहीत आणि नातेवाइकांच्या हाती देत. कुणी रडकुंडीला आलं तर म्हणत, "आत जंतू चालत नाही काकू. बाहेर तुम्ही धरून बसा."

मी गजाननरावांकडं पाहिलं. त्यांनीही ते पाहिलं होतं. परवाच्या माझ्या भाषणाची काही गरजच नव्हती. धागा एवीतेवी पिशवीतच गेला असता.

निमाकडं काढायला काहीच नव्हतं. सिस्टरनी मनगटं उलटसुलट करून पाहिली. "तुम्ही काही बांधत नाही?"

"मी नास्तिक आहे," निमा अध्यक्षांच्या आवाजात म्हणाली.

"अच्छा. मीबी नाही मानत," सिस्टर म्हणाल्या आणि नखं तपासायला लागल्या.

निमाला एवढ्यावर थोडंच राहवणार? "कधीपासून? शंका केव्हा आली?"

"शंका कायची? छप्पन साली धम्म घेतला तवा माह्या आजीनं देव उचलून घराबाहेर काढले. त्या कोनाड्यात मायनं शिलाई मशीनचं सामान ठेवलं. मले कोणी देव दिलाच नाही, तं मी टाकू कुठून?" मग त्यांनी निमाच्या हातावर चिकटपट्टी लावली. "तुम्ही लय विचार करता मॅडम. बीपी वाढते."

आम्ही दोघी जन्मभर देवाशी झुंजलो, आणि या बाईच्या घरी तो आलाच नव्हता. तिला त्याबद्दल बोलायला वेळही नव्हता. दुसरा पेशंट वाट पाहत होता.

ढकलगाडी दरवाज्याशी आली. हिरव्या टोपीत निमाचा चेहरा एवढासा दिसत होता. गजाननरावांनी तिच्या केसांची एक बट टोपीत सारली. मग तिनं मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू म्हणाली, "सुधे, तिकडं काही नसते नं? पक्कं?"

चाळीस वर्षं मी हे वर्गावर्गातून सांगत आले. एकदाही अडखळले नाही. "पक्कं," मी म्हणाले. पण तिचा थंडगार हात माझ्या हातात होता आणि मला लक्षात आलं की तिला माझं ज्ञान नको आहे, माझा आवाज हवा आहे. ती आत गेली. मला भयंकर भीती वाटली, हे मी कबूल करते.

बाकावर आम्ही दोघं बसलो. गजाननरावांचा हात सारखा वरच्या खिशाकडं जात होता. मला म्हणावंसं वाटलं, काढा तो धागा, धरून बसा. पण परवाच्या मारानंतर ते माझ्यासमोर काढणार नाहीत, हे मला दिसत होतं. शेवटी मी चहाच्या निमित्तानं खाली गेले आणि मुद्दाम अर्धा तास लावला. परत आले तेव्हा धागा त्यांच्या बोटांना गुंडाळलेला होता. मी चहाचा कप त्यांच्या दुसऱ्या हातात दिला.

दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, चांगलं झालं. गजाननराव भिंतीकडं तोंड करून रडले. मी उभ्या उभ्या रडले. सिस्टर हातमोजे काढत आल्या, आणि त्यांचं हसू काही आवरेना.

"तुमचा पेशंट भारी आहे हां. मीच होती संगं. भुलीचं औषध चढत होतं तं एकदम उठाले पाहते, अन् ओरडली, 'घेऊन जा गे मारबत!' दोनदा. भुलीचे डॉक्टर इथलेच, त्याहीनंबी मागून म्हटलं, घेऊन जा गे. सारं ऑपरेशन थेटर हसलं. मंग झोपली चुपचाप."

मी गजाननरावांकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. अटी त्यांनीही ऐकल्या होत्या. ठराव त्यांनीही ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला पाच मिनिटं आत सोडलं. मी आदल्या दिवसापासून वाक्य जुळवत होते. मारबत म्हणजे काही देव नव्हे, तेव्हा तांत्रिकदृष्ट्या अट मोडली नाही. पण ठराव मोडला, तोही तिनंच पास केलेला. सरांचा उतरवलेला फोटो आठवत होता. मी शब्द दिला होता. परीक्षकालासुद्धा खोटं न सांगणारी मी, सगळं जसंच्या तसं सांगणार होते.

निमानं डोळे उघडले. घशात नळी घालून काढलेली, आवाज फाटलेला. पाणी मागितलं नाही, दुखतंय म्हणाली नाही.

"काही बोलली का मी?"

मी तोंड उघडलं. त्याआधी गजाननराव बोलले.

"काही नाही बोलली. घोरत होती तू."

पस्तीस वर्षं पडद्यामागं देव ठेवलेला हा माणूस. बायकोनं शेवटी कुणाला तरी हाक मारलीच, हे सांगायची संधी त्याला एकदाच मिळाली होती, आणि तो तिचा नास्तिकपणा सांभाळत उभा होता. राखणदार म्हणून आणलं होतं मला. मला इतकी लाज वाटली की नजर वर करवेना.

निमानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. नवऱ्याचं तिला खरं वाटत नव्हतं. तिला माझ्याकडून हवं होतं. "सुधे? पक्कं?"

साक्षीदार सिस्टर बाहेर हातमोजे बदलत होत्या. थेटरातली सहा माणसं ऐकून बसली होती. सगळा पुरावा विरुद्ध बाजूला, आणि मी रसायनशास्त्राची शिक्षिका.

"पक्कं," मी म्हणाले. "घोरत होतीस मेले. लाज आणलीस."